एका कुलपामागे तीस हजार वेळा ‘मी आहे’

२००६ साली गूगलमधले अभियंते माइक बरोज यांनी ‘चबी’ या प्रणालीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हजारो संगणक एकाच गोष्टीला एकाच वेळी हात घालू पाहतात, तेव्हा ती कोणा एकाच्या ताब्यात द्यायची आणि बाकीच्यांना थोपवून धरायचे, हे चबीचे काम. थोडक्यात, ती कुलुपे देणारी सेवा आहे. निबंधात अशा एका चालू केंद्राच्या कामाचा हिशेब छापला आहे. केंद्राकडे सेकंदाला एक ते दोन हजार विनंत्या येत होत्या. त्यांपैकी ‘मला कुलूप द्या’ असे म्हणणाऱ्या होत्या दहा लाखांत ३१.

म्हणजे १६ ते ३२ सेकंदांतून एखादाच कुलूप मागत होता. मग बाकीचा वेळ हे केंद्र काय करत होते? ९३ टक्के विनंत्यांचा आशय एकच होता: ‘मी अजून आहे, माझा ताबा काढून घेऊ नका.’ भागाकार केला की थक्क करणारे उत्तर येते. कुलपाच्या एका मागणीमागे ‘मी आहे’ असे सांगणारे तीस हजार निरोप.

अनेक यंत्रांवर पसरलेल्या कुलूप-व्यवस्थेला ‘डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजर’ म्हणतात. तिचे मर्म या एका गुणोत्तरात आहे. कुलूप देणे स्वस्त असते. महाग पडतो तो काळाचा हिशेब: मागणारा किती थांबेल, मिळवलेला ताबा किती वेळ धरून बसेल, आणि मध्येच तो बंद पडला तर ते कुणाला, कसे कळेल. म्हणून अशी व्यवस्था घडवताना खरी बुद्धी पणाला लागते ती मागणीच्या अर्जावर. त्या अर्जात कोणते रकाने असावेत, यावरच सगळी व्यवस्था तरते किंवा बुडते.

पंचवीस नॅनोसेकंद ते शहात्तर वर्षे

एकाच संगणकाच्या मेमरीत, कोणी आड येत नसताना, कुलूप लावून काढायला साधारण २५ नॅनोसेकंद लागतात. हा ढोबळ आकडा गूगलचे जेफ डीन यांनी लोकप्रिय केलेल्या तक्त्यातला. त्याच तक्त्यानुसार एका डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या यंत्राला निरोप धाडून उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद लागतो, आणि कॅलिफोर्नियाहून नेदरलँड्सला जाऊन परत यायला १५० मिलिसेकंद.

नॅनो आणि मिली म्हटले की सगळे सारखेच क्षणिक वाटते. म्हणून काळ ४ कोटी पट ताणून पाहू, म्हणजे २५ नॅनोसेकंदांचा एक सेकंद होईल. आता मेमरीतले कुलूप एका सेकंदात मिळते. तेच शेजारच्या यंत्राकडून आणायचे तर साडेपाच तास. समुद्रापलीकडून आणायचे तर ६९ दिवस. चबीत एखाद्याला ‘जिवंत’ मानण्याची नेहमीची मुदत १२ सेकंदांची आहे; या मापात ती १५ वर्षे भरते. आणि कुलूप हातात असताना कोणी कोसळला, तर ते दुसऱ्याला देण्याआधी चबी एक मिनिटापर्यंत थांबू शकते. त्या मिनिटाची होतात ७६ वर्षे, म्हणजे माणसाचे अख्खे आयुष्य.

एका सेकंदापासून एका आयुष्यापर्यंतचा हा पल्ला एकाच अर्जाला सांभाळायचा असतो. एका यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘कुलूप द्या’ आणि ‘कुलूप घ्या’ एवढे दोन शब्द पुरतात. यंत्रे अनेक झाली की ते अजिबात पुरत नाहीत.

प्रकाश पुण्याला पोचण्याआधी

आपल्याकडे ही गणिते रोज सकाळी तात्काळ तिकिटांच्या वेळी अनुभवाला येतात. रेल्वेची आरक्षण व्यवस्था दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांवर उभी राहिली आणि १९९९ मध्ये ती केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितले की, तेव्हाची व्यवस्था मिनिटाला ३२,००० तिकिटे देऊ शकते आणि नवी व्यवस्था दीड लाखांहून अधिक देईल. चौकशांचा आकडा मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांवर जाईल.

मिनिटाला दीड लाख म्हणजे सेकंदाला अडीच हजार, म्हणजे दर ०.४ मिलिसेकंदाला एक तिकीट. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. ०.४ मिलिसेकंदात तो ८० किलोमीटर जातो. मुंबईहून निघालेला प्रकाश पुण्याला पोचण्याआधी देशात आणखी एक तिकीट विकले गेलेले असेल.

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. सरळ रेषेत तार टाकली आणि वाटेत कुठेच खोळंबा झाला नाही, तरी जाऊन येऊन साडेअकरा मिलिसेकंद जातात. तेवढ्यात अठ्ठावीस तिकिटे निघालेली असतील. प्रत्येक बर्थचे कुलूप दूरच्या शहरातून मागवायचे ठरवले, तर कितीही वेगवान संगणक विकत आणले तरी ही मर्यादा हलणार नाही, कारण ती प्रकाशाच्या वेगाने घातलेली आहे. त्यातून एक नियम निघतो: एका वस्तूचा निर्णय एकाच ठिकाणी व्हावा, आणि ते ठिकाण मागणाऱ्यांच्या होईल तितके जवळ असावे.

हा नियम फार पूर्वी अमलात आणला तो अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने. १९८३ मध्ये त्यांनी व्हॅक्सक्लस्टर जाहीर केला: सोळा यंत्रे, त्यांना जोडणारी सेकंदाला ७० मेगाबिटची तार, आणि सगळ्यांच्या सामाईक डिस्का. त्यावरच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जो लॉक मॅनेजर घडला, त्याचे वर्णन विल्यम स्नॅमन आणि डेव्हिड थील यांनी १९८७ मध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात केले. पुढे आलेल्या अशा बहुतेक व्यवस्थांवर त्याची छाप आहे. त्याचा वारस ओपनव्हीएमएस. रेल्वेची २०१० पासूनची आरक्षण व्यवस्था त्याच्यावरच चालत असल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे.

पंच्याहत्तर अंकी नावे

अर्जातला पहिला रकाना नावाचा. व्हीएमएसमध्ये ज्या वस्तूला कुलूप लावायचे तिचे नाव ३१ बाइटपर्यंत असू शकते. ३१ बाइटची किती वेगवेगळी नावे होतील? उत्तर ७५ अंकी आहे. लिनक्सच्या लॉक मॅनेजरने ही मर्यादा ६४ बाइटवर नेली, तिथे उत्तर १५५ अंकी होते. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज ८१ अंकांच्या आसपास जातो.

इतक्या नावांची यादी कोणी ठेवू शकत नाही, आणि लॉक मॅनेजर ती ठेवतही नाही. नावाचा अर्थ काय, ती फाइल आहे की बर्थ, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कोणी नाव घेतले की त्या क्षणी नोंद तयार होते, शेवटचा माणूस निघून गेला की पुसली जाते. नोंद कुठे आहे हे शोधायला नावावर एक छोटे गणित करतात. उत्तरावरून कोणत्या यंत्राला विचारायचे ते ठरते. पहिल्यांदा मागणारे यंत्रच सहसा त्या नावाचे मालक होते. पुढे त्याच यंत्रावरून पुन्हा मागणी आली तर तारेवर एकही निरोप जात नाही. ताणलेल्या मापात साडेपाच तासांची फेरी वाचते.

नावांना उतरंडही हवी. समजा, २० डब्यांच्या गाडीत प्रत्येकी ७२ बर्थ आहेत, म्हणजे एकूण १,४४०. एखाद्याला अख्ख्या गाडीचा तक्ता काढायचा आहे. फक्त बर्थनिहाय कुलुपे असतील तर त्याला १,४४० मागण्या कराव्या लागतील. फक्त गाडीला कुलूप असेल तर एका वेळी एकच प्रवासी तिकीट काढू शकेल. १९७०च्या दशकात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. बर्थ घेणाऱ्याने गाडीवर एक सौम्य कुलूप लावायचे, ‘मी आत काहीतरी बदलतो आहे’ एवढेच सांगणारे, आणि बर्थवर कडक. तक्ता काढणारा गाडीवर एकच कडक कुलूप मागतो. आत कोणी असेल तर त्याची गाठ वरच पडते. १,४४० मागण्यांचे काम एका मागणीत होते.

छत्तीस जोड्या

सौम्य आणि कडक म्हणजे किती प्रकार? व्हीएमएसने सहा ठेवले. पहिला नुसती जागा धरून ठेवतो. दुसरा म्हणतो, मी वाचतो आहे, इतरांनी लिहिले तरी चालेल. तिसरा म्हणतो, मी लिहितो आहे, इतरांनीही लिहावे. चौथ्याला वाचून होईपर्यंत कोणी लिहिलेले चालत नाही. पाचव्याला लिहिणारा आपण एकटाच हवा असतो. सहाव्याला दुसऱ्याने वाचलेलेही खपत नाही. सहाच्या समोर सहा मांडले की ३६ जोड्या होतात. त्यांतल्या २० गुण्यागोविंदाने नांदतात आणि १६ एकमेकांना अडवतात.

एवढी बारीक विभागणी कशाला, याला आकडाच उत्तर देतो. एक हजार जणांना एकच नोंद वाचायची आहे आणि प्रत्येकाला ५ मिलिसेकंद लागतात असे धरू. कुलपाचा एकच, सगळ्यांना बाहेर ठेवणारा प्रकार असेल तर शेवटच्याचे वाचन पाच सेकंदांनी संपेल. वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडले तर सगळ्यांचे काम ५ मिलिसेकंदांत होईल. प्रकाराचा रकाना भरला म्हणून हजारपट फरक पडला, आणि त्यासाठी एकही नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

पाच कोटी निरोपांची रांग

आता कुलूप दुसऱ्याकडे आहे असे समजा. मागणाऱ्याने थांबायचे की नाही, हे अर्जातच विचारले पाहिजे. व्हीएमएसमध्ये ‘लगेच मिळत असेल तरच द्या, नाहीतर रांगेत घालू नका’ असे सांगण्याची सोय पहिल्यापासून होती. सोय साधी दिसते, पण एका बर्थवर दहा हजार मागण्या येऊन पडल्या आणि प्रत्येकीला ५ मिलिसेकंद लागले तर रांगेतला शेवटचा ५० सेकंद तिष्ठत राहतो, आणि शेवटी त्याला नकारच मिळणार असतो. अशा वेळी लगेच मिळालेला नकार ही दोघांचीही सोय असते.

जे रांगेत उभे राहतात, त्यांना उठवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. कुलूप मोकळे झाले की सगळ्यांना हाक मारावी, असे सहज सुचते. दहा हजार जण उभे असतील तर पहिल्या वेळी दहा हजार निरोप जातील, एकाला कुलूप मिळेल, बाकीचे पुन्हा रांगेत. मग ९,९९९, मग ९,९९८. शेवटपर्यंत बेरीज होते ५ कोटी ५ हजार निरोपांची. २०१० मध्ये निबंधरूपाने मांडल्या गेलेल्या झूकीपर प्रणालीने सुचवलेली रीत अशी: प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्यावर लक्ष ठेवायचे. तो गेला की एकालाच निरोप जातो. ५ कोटींचे दहा हजार होतात.

हातातले कुलूप वाढवून घेणाऱ्यांची रांग वेगळी लागते. दोघे वाचत आहेत, दोघांनाही आता लिहायचे आहे. दोघेही वाचनाचा ताबा न सोडता लिहिण्याचा मागतात, आणि कायमचे अडकतात. म्हणून ज्याला पुढे लिहायचे आहेच, त्याने सुरुवातीलाच पाचवा प्रकार मागावा, हे शहाणपण सहा प्रकारांच्या तक्त्यातच पेरलेले आहे.

रांगेइतकाच मोलाचा रकाना म्हणजे ‘कोणी आड आले तर मला कळवा’. समजा, एक यंत्र एकच फाइल दिवसभरात दहा लाख वेळा हाताळते. दर वेळी कुलूप मागायचे आणि परत करायचे, तर २० लाख फेऱ्या होतात. अर्ध्या मिलिसेकंदाच्या दराने त्यांत १६ मिनिटे ४० सेकंद जातात. त्याऐवजी कुलूप एकदा घ्यायचे, काम संपले तरी जवळ ठेवायचे, आणि दुसऱ्याला हवे असल्याचा निरोप आला की सोडायचे. २० लाख फेऱ्यांच्या जागी दोन-तीन पुरतात. लिनक्सवरची जीएफएस२ ही फाइल सिस्टिम आपली कुलुपे अशीच जवळ ठेवते.

या सगळ्यांत आकाराने लहान आणि कामाने मोठा रकाना १६ बाइटचा आहे. व्हीएमएसमध्ये लिहिण्याचा ताबा सोडणारा कुलपासोबत १६ बाइटची चिठ्ठी ठेवू शकतो आणि पुढच्याला ती कुलपाबरोबरच मिळते. तिच्यात नोंदीचा आवृत्ती क्रमांक असला आणि तो आपल्याजवळच्या प्रतीशी जुळला, की डिस्क वाचायचीच गरज नाही. फिरत्या डिस्कवर जागा शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागत. ताणलेल्या मापात साडेचार दिवस. ते दिवस या १६ बाइटांनी वाचवले.

दहापट वाढ, हजारपट अडचण

माझ्याकडे तुला हवे ते आहे, तुझ्याकडे मला हवे ते आहे, आणि आपण दोघेही सोडत नाही: हा डेडलॉक. १९९६ मध्ये जिम ग्रे, पॅट हेलंड, पॅट्रिक ओनील आणि डेनिस शाशा यांनी दाखवून दिले की, एकाच माहितीच्या प्रती सगळ्या यंत्रांवर ठेवून कोणालाही, कुठेही, केव्हाही बदल करू दिला, तर यंत्रे आणि काम दहापट होताच असे पेच हजारपट होतात. दहा यंत्रांवर आठवड्यातून एकदा पडणारा पेच शंभर यंत्रांवर दिवसाला शंभराहून जास्त वेळा पडेल. चाचणीच्या खोलीत न दिसलेली चूक प्रत्यक्षात का उसळते, याचे कारण या घनवाढीत आहे.

पेच शोधायचा तर कोण कोणासाठी थांबला आहे याची साखळी यंत्रामागून यंत्र धुंडाळावी लागते. व्हीएमएस त्यासाठी एरवी १० सेकंद वाट पाहते, कारण बहुतेक थांबे त्याआधीच आपोआप सुटतात. ताणलेल्या मापात ही वाट पावणेतेरा वर्षांची आहे. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसने शोधच टाळला. तिथे ज्येष्ठ व्यवहाराला कनिष्ठ आडवा आला, तर कनिष्ठाला रद्द करून पुन्हा सुरू करतात. दोन्ही वाटांनी एक गोष्ट अर्जात असावीच लागते: तुमची मागणी रद्द होऊ शकते, आणि तसे झाले तर काय करायचे हे मागणाऱ्याने आधीच ठरवलेले असले पाहिजे.

जो गेला, त्याचे कुलूप

यंत्र बंद पडले आहे की नुसते रेंगाळते आहे, हे दुरून ओळखता येत नाही. दोन्हींत उत्तर येत नाही, एवढेच कळते. म्हणून चबी कुलूप कायमचे देत नाही. १२ सेकंदांची मुदत देते आणि ती वाढवत राहते. त्यातून ते तीस हजार निरोप जन्मतात. चबीच्या एका मुख्य यंत्राशी ९०,००० प्रोग्रॅम थेट बोलत असल्याचे बरोज यांनी नोंदवले आहे. १२ सेकंदांच्या मुदतीने सेकंदाला किमान साडेसात हजार निरोप झाले. ताण वाढला की चबी मुदत साठ सेकंदांच्या आसपास नेते, आणि तोच आकडा दीड हजारावर येतो. हेच ९०,००० प्रोग्रॅम एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत बसले असते तर ४०५ कोटी जोड्या झाल्या असत्या. पाच यंत्रांचे एक केंद्र आणि त्यातला एक मुखिया, ही रचना त्या ४०५ कोटींपासून वाचण्यासाठी आहे.

मुदत मात्र पुरेशी नाही. कुलूप घेतलेला प्रोग्रॅम २० सेकंद गोठला आणि मग जागा झाला, तर मधल्या काळात कुलूप दुसऱ्याकडे गेलेले असते. याला त्याचा पत्ताच नसतो. तो बेधडक जुन्या हक्काने लिहितो आणि माहिती बिघडते. आधी पाहिलेली एक मिनिटाची, ७६ वर्षांची, थांबणूक हा धोका कमी करते, संपवत नाही. संपवतो तो अनुक्रमांक. कुलूप प्रत्येक वेळी नव्याने दिले जाताना एक ६४ बिटचा आकडा वाढतो, आणि लिहिणाऱ्याने तो दाखवावा लागतो. साठवण करणारे यंत्र मागचा आकडा घेऊन आलेल्याला परतवून लावते. हा आकडा कधी संपेल? सेकंदाला दहा लाख वेळा वाढवला तरी ५ लाख ८४ हजार वर्षे पुरेल.

या काळजीचे फळही त्याच निबंधात आहे. अनेक केंद्रांच्या कामाचे मिळून ७०० दिवस तपासले, तेव्हा सेवा ६१ वेळा खंडित झालेली दिसली, आणि त्यांतल्या ५२ वेळा तीस सेकंदांच्या आत पूर्ववत झाली. मुखियाशी संपर्क तुटल्यावरही प्रोग्रॅम आणखी ४५ सेकंद धीर धरतात, म्हणून एवढे खंड बहुतेकांना जाणवलेही नाहीत.

नवा लॉक मॅनेजर लिहिणारे बहुधा वेगापासून सुरुवात करतात: सेकंदाला किती कुलुपे देता येतील? चबीच्या हिशेबात हा प्रश्न दहा लाखांत ३१ एवढाच उरतो. सुरुवात उरलेल्या भागापासून करावी. प्रकार, थांबण्याची तयारी, आड आल्याची सूचना, मुदत आणि अनुक्रमांक हे पाच रकाने पहिल्या दिवसापासून अर्जात असावेत. दहा यंत्रांवर त्यांतले तीन निरुपयोगी वाटतील. हजार यंत्रांवर ते मागाहून घालायचे तर तोवर लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागतो, आणि हा खर्च ज्यांनी केला आहे ते पुढच्या वेळी अर्ज आधी लिहितात, वेग नंतर मोजतात.